आजोबांच्या खोलीसाठी ई-पेपर डिस्प्ले: पाय झीरोला कोणता जोडू?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत, सांगलीला आमच्याकडेच असतात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी नजर आता बेताचीच. दिवसातून आठ-दहा वेळा विचारतात, "आज वार कोणता गं?", "तिथी काय?", "माझी दुपारची गोळी झाली का?" आम्हाला सांगायला काहीच वाटत नाही, पण विचारावं लागतं याचं त्यांना वाईट वाटतं. कोर्टात कारकुनी केलेला माणूस, तारखा तोंडपाठ असायच्या.

भिंतीवरचं कॅलेंडर पलंगावरून दिसत नाही. जुना टॅब लावून पाहिला, तर रात्री त्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून त्यांनी तो पालथा करून ठेवला. मग ई-पेपर डिस्प्लेबद्दल वाचलं, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा. घरात रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक पडून आहे. त्याला जोडायला २.१३ इंची डिस्प्ले सगळीकडे दिसतो, बरोबर पायच्याच आकाराचा, वर टोपीसारखा बसतो. तोच घ्यावा का? की ४.२ इंची? लाल रंग असलेलेही आहेत, गोळीची वेळ लाल अक्षरात छान दिसेल असं वाटतंय. पायथनपुरतं प्रोग्रॅमिंग येतं, सोल्डरिंग येत नाही.

तारयंत्र | सोमवार, रात्री १०:१५

२.१३ इंची घेऊ नका. तो खिशातल्या किंवा टेबलावरच्या वस्तूसाठी आहे. २५० बाय १२२ पिक्सेल, आणि प्रत्यक्ष दिसणारा भाग जेमतेम ४८ बाय २४ मिलिमीटर. काडेपेटीएवढा. पलंगावरून आजोबांना काय दिसणार?

कंपनीपेक्षा आकार आणि रंग यांवर विचार करा. आतली फिल्म बहुतेक वेळा ई इंक या एकाच कंपनीची असते. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ही कंपनी निघाली, २००९ मध्ये तैवानच्या कंपनीने विकत घेतली. वेव्हशेअर, पिमोरोनी, अ‍ॅडाफ्रूट या विकणाऱ्या कंपन्यांतला फरक मुख्यतः बोर्ड, लायब्ररी (तयार प्रोग्रॅम) आणि माहितीपत्रकं यांत आहे. सोल्डरिंग येत नाही म्हणता, तर एवढंच पाहा की डिस्प्लेबरोबर पायवर बसणारा, डिस्प्ले चालवणारा ड्रायव्हर बोर्ड मिळतोय ना. नुसतं उघडं पॅनल स्वस्त दिसतं, पण त्याची पातळ केबल पायला थेट लागत नाही. आणि झीरोवर पिनांचा हेडर लावलेला आहे का तेही बघा. काही झीरो बिनपिनांचे येतात.

दृष्टिक्षेप | मंगळवार, सकाळी ७:०५

मी डोळे तपासण्याचंच काम करते, म्हणून आकाराचं गणित मांडते.

६/६ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला २ मीटरवरून जेमतेम ओळखता येणारं अक्षर सुमारे ३ मिलिमीटर उंच असतं. आजोबांची नजर समजा ६/२४ असेल, तर चौपट, म्हणजे १२ मिलिमीटर. पण जेमतेम ओळखणं वेगळं आणि उशीवरून मान न उचलता सहज वाचणं वेगळं. त्यासाठी दुप्पट धरा, २४ मिलिमीटर. हे झालं नुसत्या अक्षराचं अंग. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळीला ३८ मिलिमीटरपर्यंत जागा लागेल.

आता मोजा. २.१३ इंचीची पूर्ण उंचीच २४ मिलिमीटर. ४.२ इंचीची ६४, म्हणजे एक ओळ बसते आणि दुसरी कापली जाते. ७.५ इंचीची उंची ९८ आणि रुंदी १६३. वार आणि तारीख अशा दोन मोठ्या ओळी, खाली तिथीची एक लहान ओळ. "मंगळवार" हा शब्दही आडवा मावेल.

त्यांचा चष्म्याचा कागद काढून ६ च्या खाली काय आकडा आहे तो बघा आणि पलंग ते भिंत हे अंतर टेपने मोजा. या दोन आकड्यांवर डिस्प्ले ठरवा.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:२०

खूप आभार. कागद काढला: उजवा ६/१८, डावा ६/३६. अंतर १.८ मीटर. हे मोजायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तारयंत्र | मंगळवार, दुपारी २:००

मग ७.५ इंची, ८०० बाय ४८०. यावर चर्चा संपली माझ्या दृष्टीने. घेताना व्ही-२ आहे याची खात्री करा, पहिल्या आवृत्तीत ६४० बाय ३८४ च होते आणि जुना माल अजून फिरतो.

याहून मोठे ९.७ आणि १०.३ इंची येतात. १०.३ वर १८७२ बाय १४०४ पिक्सेल आणि करड्या रंगाच्या १६ छटा. सुंदर दिसतात, पण किंमत कितीतरी पट, आयटी-८९५१ नावाचा वेगळा कंट्रोलर बोर्ड, आणि प्रत्येक पॅनलच्या केबलवर छापलेला व्हीकॉम या व्होल्टेजचा आकडा प्रोग्रॅममध्ये द्यावा लागतो. फोटो दाखवायचे असते तर मी तेच सांगितलं असतं.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ३:१०

लाल रंगाचं काय? मलाही उत्सुकता आहे.

वऱ्हाडवाट | मंगळवार, सायंकाळी ६:३०

लाल घेऊ नका. मी अकोल्याचा. माझ्याकडे काळा-पांढरा-लाल असा ७.५ इंची दीड वर्ष आहे.

एक तर वेळ. काळा-पांढरा पूर्ण रिफ्रेश व्हायला, म्हणजे चित्र बदलायला, चार-पाच सेकंद लागतात. लाल असलेल्याला पंधरा ते पंचवीस सेकंद, आणि तेवढा वेळ सगळा पडदा उघडझाप करत राहतो. कारण आतले रंगीत कण सरकून चित्र बनतं, आणि लाल कण सावकाश सरकतात, त्यांना कमी व्होल्टेज जास्त वेळ द्यावं लागतं, आणि त्याआधी काळे-पांढरे कण वरखाली घुसळून काढावे लागतात. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या माणसासमोर भिंतीवरची पाटी पाव मिनिट लुकलुकली तर त्यांना काय वाटेल याचा विचार करा.

दुसरं ऊन. काळ्या-पांढऱ्याला माहितीपत्रकात ० ते ५० अंश सेल्सियस देतात, तीन रंगांच्याला ० ते ४०. सात रंगांचे तर १५ ते ३५ मध्येच नीट चालतात. आमच्याकडे मे महिन्यात कूलर बंद असला की दुपारी खोलीतच ४१-४२ होतं. त्या दिवसांत माझ्या पाटीवरच्या लाल अक्षरांच्या कडा मळकट होतात, पावसाळा लागला की पुन्हा ठीक. सांगलीला एवढं तापत नसेल, पण फ्रेमच्या आत पाय बसवला तर त्याची उष्णता वेगळी. पाय फ्रेमबाहेर खाली ठेवा, केबल वर न्या.

आणि थेट ऊन पडेल अशा खिडकीसमोर नको. अतिनील किरणांनी पॅनल खराब होतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:००

लाल रद्द. आता पुढचा प्रश्न. पॉवर बँकेवर चालेल का? ई-पेपरला वीज लागतच नाही असं वाचलं. भिंतीवर वायर लोंबत राहिली तर आजोबा अडखळतील ही भीती आहे.

नेकारकाठ | बुधवार, पहाटे १:१५

जर्मनीतून लिहितोय, श्टुटगार्टजवळून.

डिस्प्लेला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही हे खरं. पण पायला लागते. झीरो २ डब्ल्यू नुसता बसून असला तरी ५ व्होल्टवर साधारण १०० मिलिअँपिअर खातो, वायफाय वगैरे धरून १२० म्हणा. दिवसाचे झाले २८८०. दहा हजारांची पॉवर बँक ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, ५ व्होल्टला सहा-साडेसहा हजार हाती येतात. म्हणजे दोन दिवस. दर दोन दिवसांनी भिंतीवरून उतरवून चार्ज करणार का?

बॅटरीच हवी असेल तर बोर्ड बदला. ईएसपी-३२ हा कमी विजेवर चालणारा छोटा बोर्ड घ्या. गाढ झोपेत ती चिप काही मायक्रोअँपिअरच घेते, दिवसातून चार वेळा उठवली तर एका बॅटरीवर काही महिने चालते. ८०० बाय ४८० चं काळं-पांढरं चित्र म्हणजे फक्त ४८,००० बाइट, तिच्या मेमरीत आरामात बसतं. आर्डुइनो उनोला मात्र नाही जमणार, त्याची मेमरी २ किलोबाइट.

पण मराठी अक्षरं जोडून काढायचं काम ईएसपीवर अवघड आहे. माझ्याकडे ते काम घरातला दुसरा संगणक करतो आणि तयार चित्र ईएसपीला पाठवतो. तुमच्या खोलीत प्लग जवळ असेल तर पायच ठेवा आणि वायर पट्टीतून न्या.

आता खरं सांगायचं ते हे. असाच एक डिस्प्ले मी साताऱ्याला आईकडे लावला होता. मी इकडे परत आलो आणि महिन्याभरात तिथला राउटर बदलला. वायफाय तुटलं, पाय अडकला, पडद्यावर बुधवार तसाच राहिला. दुसरा कुठलाही पडदा बंद पडला की काळा होतो, माणसाला कळतं. ई-पेपर बंद पडला तरी तितकाच ठळक, तितकाच खरा दिसतो. आई त्या पाटीवर विश्वासून राहिली आणि तिचा गुरुवारचा उपास चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा. फोनवर तिने ते सांगितलं तेव्हा मला अपराधी वाटलं, अजून वाटतं. तुमच्या पाटीवर तर औषधाची वेळ आहे. हे आधी सोडवा, मग बाकीचं.

दृष्टिक्षेप | बुधवार, सकाळी ७:३०

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पाटी लागली तरी गोळ्यांची जबाबदारी घरच्या माणसाकडेच राहू द्या, कृष्णाकाठ.

तारयंत्र | बुधवार, सकाळी १०:४५

नेकारकाठ यांच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यातली एक खाच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पाय झीरोत घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, त्यालाही वेगळी बॅटरी जोडावी लागते. झीरो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज गेली, आली, पाय सुरू झाला, पण राउटर अजून उठलेला नाही किंवा नेट बंद आहे, तर पाय शेवटी नोंदलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. रात्रभर वीज नसेल तर सकाळी तो कालची तारीख प्रामाणिकपणे दाखवेल. प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नसताना.

उपाय सोपा: डीएस-३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल, त्यावर नाण्यासारखा सेल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. ते आय-टू-सी या जोडणीवर चालतं, म्हणजे पिन ३ आणि ५. डिस्प्ले एसपीआय या दुसऱ्या जोडणीवर: पिन १९, २३, २४ आणि शिवाय ११, १८, २२. नव्या बोर्डांवर पिन १२ सुद्धा. टक्कर कुठेच नाही. फक्त डिस्प्लेचा बोर्ड पायवर थेट बसवलात तर चाळीसही पिना झाकल्या जातात. म्हणून त्याच्याबरोबर येणाऱ्या सुट्या वायरी वापरा, सोल्डरिंग लागणार नाही.

दुसरं, कोपऱ्यात "सकाळी ६:०५ ला बदलले" अशी ओळ छापा. ती आजोबांसाठी नाही, तुमच्यासाठी. येता-जाता नजर पडली की कळेल. तिसरं, पायमधला वॉचडॉग चालू करा, अडकला तर स्वतःच पुन्हा सुरू होतो. आणि चौथं, वेळेची खात्री नसेल तर प्रोग्रॅमने तारीख लिहूच नये, सरळ "घरच्यांना विचारा" असं मोठ्या अक्षरात लिहावं.

अक्षरवेडी | बुधवार, दुपारी ४:२०

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून चित्र काढाल तेव्हा "तिथी" लिहून बघा. पहिली वेलांटी त च्या उजवीकडे जाऊन बसली आणि "शुक्रवार" मधला क्र फुटून क, हलन्त, र असा दिसला, तर समजा की रॅकम ही लायब्ररी लागलेली नाही. पिलोची साधी मांडणी अक्षरं एकापुढे एक ठेवते, जोडत नाही. जोडायचं काम रॅकम आतल्या हार्फबझकडून करून घेते. पिलो पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) बसवलं असेल तर रॅकम सहसा सोबत येते, पण तिला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी सिस्टिममध्ये वेगळी बसवावी लागू शकते. पिलोच्या फीचर्समध्ये रॅकम आहे का ते विचारता येतं, उत्तर हो आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक करतात आणि मला ती मनापासून हवी असते. मजकूर लिहिताना भाषा "एमआर" (मराठीचा संकेत) अशी द्या. मग ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. आजोबांनी कोर्टाच्या कागदांवर आयुष्यभर जो ल आणि श पाहिला तोच त्यांच्या डोळ्याला चटकन ओळखू येईल. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये तर मूळचंच मराठी वळण आहे, पण त्याच्या बारीक रेषा लांबून पुसट होतील. भिंतीसाठी मुक्ता घ्या, त्याची जाड वजनं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मोफत आहे. मराठी वळणाचे ल-श त्यात येतात का ते आधी काढून बघा.

या डिस्प्लेवर नेहमीच्या पद्धतीत एक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा, मधली करडी कड नाही. ११० पिक्सेलच्या अक्षराला फरक पडत नाही. तळाच्या २२ पिक्सेलच्या ओळीत मात्र शिरोरेघ कुठे एक पिक्सेल, कुठे दोन अशी तुटक येते. तिथे मध्यम वजन घ्या आणि आकार एक-दोन पिक्सेलने हलवून बघा, एखाद्या आकाराला रेघ सरळ बसते.

पाटीपेन्सिल | बुधवार, सायंकाळी ५:००

तिथी कुठून आणणार?

अक्षरवेडी | बुधवार, सायंकाळी ५:४०

पायवरच काढता येते. चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशातलं अंतर भागिले १२, त्याचा पूर्णांक अधिक १, ती तिथी. स्कायफील्ड ही खगोलगणिताची लायब्ररी हे अंतर देते. सूर्योदयाच्या वेळची तिथी दिवसाला लावतात, म्हणून सांगलीचे अक्षांश-रेखांश द्या. क्षय-वृद्धीच्या दिवशी आणि अधिक महिन्यात घरच्या पंचांगाशी ताडून घ्या.

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, दुपारी १२:१०

७.५ इंची काळा-पांढरा आला. पहिलं पार्सल आलं तेव्हा काचेला कोपऱ्यातून तडा होता, विक्रेत्याने चार दिवसांनी बदलून दिला. उघडताना व्हिडिओ काढला होता म्हणून निभावलं, सगळ्यांनी काढावा.

आता अडचण. प्रोग्रॅम चालवला की "ई-पेपर बिझी" एवढं लिहून येतं आणि तिथेच थांबतं. पडदा पांढराच. एसपीआय चालू केलं आहे.

तारयंत्र | रविवार, दुपारी १२:५०

तीन ठिकाणी बघा. लायब्ररीत ७.५ साठी एकाहून जास्त फायली आहेत, काळ्या-पांढऱ्याची व्ही-२ लिहिलेली घ्या. मग पिन १८ ची वायर, तीच बिझीची. ती सैल असेल तर पाय कायम वाट पाहत बसतो. शेवटी पातळ केबलची काळी खिट्टी: ती उचलायची, केबल सरळ आत, खिट्टी दाबायची. केबल काचेच्या मुळाशी वाकवू नका, तिथे तुटली तर पॅनल गेलं. बोर्डावर दोन छोटे स्विच आहेत, त्यांची जागा माहितीपत्रकातल्या तक्त्यात पाहूनच ठेवा.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी २:३०

खिट्टीच! केबल तिरकी गेली होती. आता "रविवार" आला पडद्यावर. वेलांटीही जागेवर आहे.

तारयंत्र | रविवार, दुपारी २:४५

छान. आता दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. रिफ्रेश झाला की प्रोग्रॅमने डिस्प्लेला स्लीप करायचंच. विजेच्या उच्च दाबाखाली तासन्‌तास ठेवलेलं पॅनल खराब होतं आणि ते परत दुरुस्त होत नाही. आणि दोन रिफ्रेशमध्ये किमान १८० सेकंद, २४ तासांत किमान एकदा रिफ्रेश, असं कंपनीच सांगते. म्हणजे मिनिटाचं घड्याळ या पडद्यावर नको, त्यासाठी शेजारी साधं काट्यांचं घड्याळ लावा.

वऱ्हाडवाट | रविवार, सायंकाळी ७:१०

आणि रात्री दहा ते पहाटे पाच रिफ्रेश बंद ठेवा.

कृष्णाकाठ | त्यानंतरचा शनिवार, रात्री ८:५०

पाटी लागून सहा दिवस झाले. वर वार, मधे तारीख, खाली तिथी. पहाटे साडेपाचला पहिला रिफ्रेश, मग गोळीच्या वेळेला. घड्याळाचं मॉड्यूल बसवलं, राउटर बंद करून आणि पाय तासभर बंद ठेवून तपासलं, वेळ बरोबर राहिली.

एक अडचण आपल्यापैकी कुणाच्या बोलण्यात आली नव्हती. ई-पेपरला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे दिवा मालवला की पाटी दिसत नाही. आजोबा तीनला उठतात. टॅब नको म्हणाले होते उजेडामुळे, आता उजेड नाही म्हणून अडतं. पिवळ्या एलईडीची छोटी पट्टी फ्रेमच्या वरच्या काठाला लावली आणि हालचाल ओळखणारा सेन्सर पलंगाच्या पायाशी. ते उठून बसले की पट्टी मंद लागते, दोन मिनिटांनी विझते.

गोळीसाठी एक मोठं बटण उशाशी दिलं आहे. गोळी घेतली की दाबायचं, पाटीवर "दुपारची घेतली" येतं. डबी आई अजूनही रोज मोजते.

काल सकाळी चहा घेऊन गेले तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आज शुक्रवार, आणि एकादशी. मला साबुदाणा." विचारलं नाही, सांगितलं. मग म्हणाले, तिथी खाली का लिहिलीस, ती तारखेच्या वर पाहिजे, कोर्टातसुद्धा आमच्या जुन्या साहेबांच्या डायरीत तशीच असायची.

तर अक्षरवेडी, एक विचारायचं आहे. तिथी वर घेऊन मोठी केली तर "चतुर्दशी" आडवी मावत नाही, रफार आणि उकार दोन्हीकडून कापले जातात. आकार कमी करू की "१४" लिहू?

अक्षरवेडी | शनिवार, रात्री ९:२५

आकडा नको, त्यांना शब्दच हवा असेल. प्रत्येक तिथीची रुंदी आधी पिलोकडून मोजून घ्या आणि ७८० पिक्सेलमध्ये बसेल तो सर्वात मोठा आकार तिच्यापुरता वापरा. "षष्ठी" मोठी येईल, "चतुर्दशी" थोडी लहान. उंचीला मात्र सगळ्यांना एकच जागा ठेवा, रफार आणि उकार दोन्ही धरून, म्हणजे खालच्या ओळी रोज वरखाली हलणार नाहीत.